पलीकडचा थांबा

जुन्या रस्त्यावरच्या लोकांनी तिला मोजणीताई म्हणायला सुरुवात केली आणि पुढे ऑफिसातही तेच नाव चिकटलं. खरं तर ती जमीनबिमीन काही मोजत नसे. टोलचा नवा रस्ता झाला की आजूबाजूच्या माणसांचं बरं होतं की वाईट, आणि होतं तर किती, हे शोधून काढणं तिचं काम. रस्ता व्हायच्या आधी ती एकदा येऊन गेली होती. घराघरांत बसून तिने विचारलं होतं, घर कशावर चालतं, दवाखाना गाठायला किती वेळ लागतो, मुलं शिकायला कुठे जातात, बाजारात पोचेपर्यंत भाजी किती सुकते. आता रस्ता सुरू होऊन चार वर्षं झाली होती आणि त्याच घरांत जाऊन तेच प्रश्न पुन्हा विचारायचे होते. रस्त्याचा वाराही न लागलेल्या लांबच्या गावांतही तेच विचारायचं, कारण चार वर्षांत सगळ्यांचंच थोडंफार बदलतं. त्यातलं रस्त्यामुळे किती आणि नुसत्या काळामुळे किती, हे वेगळं काढायचं. धान्यातले खडे निवडावेत तसं हे काम आहे, असं ती सांगायची, फक्त खडा कुठला आणि दाणा कुठला हे शेवटपर्यंत कळत नाही.

या गावातली बाकी सगळी घरं सापडली. एकच सापडेना. पंक्चरवाल्या वस्तादांचं.

ते घर ती विसरणं शक्यच नव्हतं. पहिल्या वेळी ती अगदी नवखी होती. उन्हातान्हात उभ्या उभ्या प्रश्न विचारत फिरत होती आणि वळणावरच्या त्या दुकानापाशी तिच्या डोळ्यांसमोर अंधारी आली होती. दुकानात वस्ताद टायर काढत होते आणि शेजारच्या पत्र्याखाली त्यांची बायको चहाची टपरी चालवत होती. ट्रकवाले टायर वस्तादांच्या ताब्यात द्यायचे आणि स्वतः मावशींच्या बाकावर येऊन बसायचे. मावशींनी तिला दंडाला धरून एका टायरवर बसवलं, तोंडावर पाणी मारलं आणि दटावलं, "आधी बस. तुझे प्रश्न कुठे पळून जात नाहीत." त्या दुपारी तिने विचारले त्याहून जास्त प्रश्न मावशींनीच तिला विचारले. लग्न झालंय का, जेवतेस काय, आई कुठे असते, एवढं शिकून असं उन्हात का हिंडवतात.

आता दुकानाचं शटर गंजून लाल झालं होतं. टपरीच्या जागी चार खांब उरले होते आणि त्यांना एक शेळी बांधलेली होती.

समोर शिंप्याचं दुकान होतं. त्याने मशीन थांबवून चष्मा कपाळावर सरकवला.

"माझं विचाराल तर माझं बरं चाललंय, खोटं कशाला बोलू," तो म्हणाला. "शाळांचे गणवेश शिवतो. सकाळी शिवलेले दुपारी शहरात पोचतात. दोन मशीनं वाढवली. पण ह्या रस्त्यावर आता काय उरलंय? गाड्या सगळ्या वर गेल्या. आमच्या इथे कुत्रीसुद्धा रस्त्याच्या मधोमध झोपतात, कुणी हॉर्न वाजवत नाही. वस्तादांनी वर्षभर कळ काढली. मग भाडं थकलं, मालकाने जागा मागितली."

"मग गेले कुठे?"

शिंप्याने इकडेतिकडे पाहिलं, जणू काही फारच नाजूक गोष्ट होती. "वरच आहेत म्हणे. टोलच्या रस्त्यावर. पण दोघं वेगळे राहतात. ती एकीकडे, हा एकीकडे. धंदा बुडाला की घरात भांड्याला भांडं लागतंच. काय झालं देव जाणे, पण जोडपं चांगलं होतं हो."

मोजणीताईने बाहेर येऊन ऑफिसातल्या सरांना फोन लावला.

"सापडले नाहीत असं लिही आणि पुढच्या गावाला लाग," सर म्हणाले.

"सर, पण जे सापडत नाहीत तेच तर उठून गेलेले असतात. आपण फक्त जागेवर टिकलेल्यांना विचारलं तर रस्ता आहे त्याहून गोड दिसणार."

"हे मीच तुला शिकवलंय. मलाच काय ऐकवतेस?" सर हसले. त्यांचा आवाज दमलेला होता. अहवालाची तारीख त्यांच्या डोक्यावर बसली होती. "उद्याचा दिवस घे. संध्याकाळपर्यंत सापडले तर सापडले. आणि गाडीचं डिझेल जपून वापर गं बाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आणि ड्रायव्हरदादा टोलच्या रस्त्याला लागले. ड्रायव्हरदादा बोलका माणूस. गाडी नाक्यातून पुढे आली आणि वेगाचा काटा चढला की त्याला उगाचच स्वतःचा अभिमान वाटायचा. "बघा ताई, पाण्याचा ग्लास ठेवा समोर, थेंब सांडणार नाही." ते खरंच होतं. जुन्या रस्त्याने हाडं खिळखिळी व्हायची. इथे दोन्ही बाजूंना उंच जाळी, मधे काँक्रीटची भिंत, आणि गाड्या सुसाट. तिच्या तक्त्यात या सुसाट जाण्याला भाव होता. कामावर निघालेल्या माणसाचा वाचलेला तास महाग, फिरायला निघालेल्याचा स्वस्त, आणि नुसतं कुणाला भेटायला निघालेल्याचाही जवळपास तेवढाच स्वस्त. सगळीकडे असंच धरतात, आणि त्याला कारणंही आहेत. तिने आजवर त्यावर कधी डोकं शिणवलं नव्हतं.

थांबा आला. गाड्या लावायला मोठी फरशीची जागा, पेट्रोलपंप, स्वच्छतागृहं आणि काचेचं एक लांबलचक खाण्याचं दुकान. आत लोक रांगेत उभे होते. पलीकडे पिवळी टोपी आणि पिवळा एप्रन घातलेल्या पोरींमध्ये एकच बाई वयस्कर होती. ती यंत्राचं बटण दाबून कागदी कपात चहा भरत होती.

मोजणीताईने तिला मानेवरून ओळखलं. मावशी मान जरा तिरपी ठेवून चहा ओतायच्या, जणू काय तो काही सांगतोय आणि त्या ऐकतायत. यंत्रासमोरही मान तशीच तिरपी.

"एक चहा, मावशी."

मावशींनी वर पाहिलं. क्षणभर काही कळलं नाही, आणि मग चेहरा असा उजळला की मागच्या गिऱ्हाइकानेही वळून पाहिलं. "अगं, उन्हात पडणारी पोरगी तू! अंगावर जरा मूठभर मांस चढलं की गं आता. थांब, माझी सुट्टी होतेय थोड्या वेळात. आणि तो चहा घेऊ नकोस, त्यात राम नाही."

सुट्टीत त्या तिला मागच्या बाजूला घेऊन गेल्या. कचऱ्याचे मोठे डबे होते, त्यापलीकडे जाळी. मावशींनी एक रिकामा क्रेट उलटा घातला, तिला बसवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या.

प्रश्न विचारायचा कसा, हे मोजणीताईला कळेना. तिच्या कागदावर पहिलाच प्रश्न होता, घरात माणसं किती. शेवटी ती चाचरत म्हणाली, "मावशी, गावात म्हणतात, तुम्ही आणि वस्ताद वेगळे..."

"वेगळे?" मावशींनी डोळे मोठे केले. मग त्या हसायला लागल्या. हसता हसता टोपी सरकली ती त्यांनी काढूनच टाकली. "असं म्हणतात होय? त्या शिंप्याचं तोंड शिवायला हवं कुणीतरी. ये इकडे."

त्यांनी तिला जाळीपाशी नेलं आणि बोट दाखवलं. रस्त्याच्या पलीकडे अगदी असाच दुसरा थांबा होता. तोच पंप, तसंच छप्पर. एका कोपऱ्यात बंद पडलेल्या गाड्या उचलून नेणारी मोठी क्रेनगाडी उभी होती आणि तिच्या टपावर चढून एक माणूस पुढची काच पुसत होता.

"ते बघ वेगळे झालेले," मावशी म्हणाल्या.

वस्तादांना क्रेनगाडीवर काम मिळालं ते पलीकडच्या बाजूचं. मावशींना मिळालं ते अलीकडचं. दोघांचे ठेकेदार निराळे. दोघांनाही राहायला आपापल्या थांब्यामागच्या पत्र्याच्या खोल्या, बायकांसाठी इकडे, पुरुषांसाठी तिकडे. सुट्ट्यांचे वार जुळत नव्हते. एसटीसारखी कुठलीच गाडी थांब्यावर थांबत नव्हती. मधून चालत जायचं तर जाळी, गाड्यांच्या सहा पट्ट्या, भिंत, पुन्हा जाळी, आणि धरलं तर नोकरी जाणार. दोनतीन महिन्यांतून एकदा ओळखीच्या टेम्पोवाल्याला गाठून दोघं शहरात लेकीकडे जात आणि तिथे भेटत.

"एकदा हे खालच्या मोरीतून आले," मावशींनी आवाज खाली आणला, पण डोळे चमकत होते. "पाणी जायची मोरी आहे ना, तिच्यातून. वाकून वाकून. गुडघे सोललेले, डोक्याला कोळिष्टकं. म्हटलं अहो, हे काय वय आहे का? तर म्हणाले, तुझ्या हातचा चहा प्यायला आलो. आता इथे कुठला माझ्या हातचा? बटण दाबून दिला. तरी म्हणाले, वा! मग सुरक्षावाल्याने बघितलं. ताकीद मिळाली लेखी. तेव्हापासून ते बंद."

"फोनवर बोलता ना?"

"फोन आहे की. पण फोनवर माणूस बरंय म्हणतो आणि ठेवून देतो. लांबून का होईना, दिसला की कळतं. बारीक झालेत का, लंगडतायत का, स्वेटर घातलाय का. म्हणून मी हे डबे ओतायला येते. माझं काम नाहीये हे. त्या पोरींकडून मागून घेतलंय. आणि हे सकाळी काच पुसतात. काच स्वच्छ असली तरी पुसतात."

पलीकडे वस्तादांनी पुसायचं थांबवून फडकं हवेत झटकलं. मावशींनी हातातली टोपी उंच धरून हलवली.

मग प्रश्न सुरू झाले. मावशींनी सगळी उत्तरं नीट दिली. पगार महिन्याच्या महिन्याला येतो, टपरीत कधी यायचं कधी नाही. दवाखाना आता जवळ. लेक बाळंतपणाला आली होती तेव्हा रस्ता नुकताच सुरू झाला होता. रक्तस्राव थांबेना. रुग्णवाहिका याच रस्त्याने धावली. डॉक्टर म्हणाले, जरा उशीर झाला असता तर आम्ही हात टेकले असते. लेकही वाचली, नातही. हे सांगताना मावशींनी एप्रनच्या टोकाने डोळे पुसले.

शेवटचा प्रश्न होता, एकंदरीत या रस्त्याने तुमच्या घराचं चांगलं झालं की वाईट? एकच उत्तर निवडायचं.

"चांगलं लिही," मावशी लगेच म्हणाल्या.

"लेकीमुळे?"

"ते आहेच. पण ह्यांच्यासाठी म्हणते मी. अगं, जन्मभर रस्त्याच्या कडेला मातीत लोळून टायर काढले त्यांनी. ट्रकवाले अरे-तुरे करायचे. आता गणवेश आहे, ओळखपत्र आहे. मोठमोठ्या गाड्यांतली माणसं हात जोडून उभी राहतात, दादा आम्हाला काढा म्हणून. त्यांची मान कशी ताठ झालीय ते बघितलं नाहीस तू. माझं काय, मी कुठेही चहाच करणार. चांगलं लिही."

तिने लिहिलं. मावशींची सुट्टी संपली आणि त्या टोपी घालून आत गेल्या.

आता वस्तादांना गाठायचं होतं. ते इतके जवळ होते की त्यांच्या शर्टाची गुंडी तुटलीय हेसुद्धा जवळजवळ दिसत होतं. ड्रायव्हरदादाने गाडी काढली, पुढचा फाटा येईपर्यंत दामटली, खाली उतरला, पुलाखालून वळसा घातला, नाक्यावर पुन्हा टोल भरला आणि उलट्या दिशेने परत आला. तेवढ्या वेळात तिची सगळी पाण्याची बाटली पिऊन झाली.

"ताई," ड्रायव्हरदादा गाडी लावताना म्हणाला, "समोरच्या घरी साखर मागायला जायचं आणि परगावाहून फिरून यायचं, असं झालं हे."

वस्ताद क्रेनगाडीच्या पायरीवर बसून ग्रीस लागलेले हात पुसत होते. डोक्यावरचे केस आता पार पिकले होते, पण मिशी अजून तशीच भरदार. तिने ओळख सांगायच्या आतच ते म्हणाले, "मघाशी जाळीपाशी तुम्हीच होतात ना? कशी आहे ही? खोकत होती का? परवा मला वाटलं, डबा ओतताना खोकली."

"नाही खोकल्या. बऱ्या आहेत. हसत होत्या."

"हसत होती?" वस्तादांचा जीव भांड्यात पडला. "मग ठीक."

त्यांनीही सगळी उत्तरं दिली. लेकीचं सांगितलं, अगदी मावशींच्याच शब्दांत, फक्त डोळे पुसायला त्यांच्याकडे ग्रीसचं फडकं होतं म्हणून ते दुसरीकडे बघत राहिले. "ह्या रस्त्याने माझं दुकान खाल्लं, ताई, आणि माझी नात दिली. आता भांडू कोणाशी?"

शेवटचा प्रश्न आला.

"वाईट लिहा," वस्ताद म्हणाले.

मोजणीताईने पेन थांबवलं. "पण नात..."

"नात लाखाची. पण तुम्ही घराचं विचारताय ना? घर म्हणजे ही. तुम्ही तिला टपरीवर बघितलंय. कोणाची हिंमत होती तिच्यासमोर आवाज चढवायची? ट्रकवाले दहा गावांचा धुरळा खात तिच्या चहासाठी थांबायचे. मालकीण होती ती. आता ती टोपी! पोरवयाचा सुपरवायझर तिला सांगतो, हसून बोला, नियम आहे. तिला हसायला शिकवतोय तो. माझं सोडा, मला इकडे काय, गणवेश आहे, मजेत आहे. पण तिच्यासाठी वाईटच झालं. लिहा वाईट."

ती गाडीत येऊन बसली. दोन्ही कागद मांडीवर होते. घर एक आणि उत्तरं दोन, आणि दोन्ही खोटी म्हणता येत नव्हती. दोघांनीही स्वतःचं उत्तर दिलंच नव्हतं.

सरांना फोन करण्यात अर्थ नव्हता. ते म्हणाले असते, एकाचं धर. पण त्यांनीच केलेल्या सूचनांत एक ओळ होती, शक्य असेल तिथे हा प्रश्न नवरा-बायको दोघांना समोरासमोर बसवून विचारावा. ती ओळ आजवर कुणी फारशी मनावर घेतली नव्हती. मोजणीताईने ती आता चांगलीच मनावर घेतली.

"दादा, वळसा."

"पुन्हा?" ड्रायव्हरदादाने कपाळाला हात लावला. "सर डिझेलचं विचारतील."

"विचारू देत. मी सांगते."

मावशींची कामाची पाळी दुपार टळल्यावर संपत होती. आधी त्यांना पटेना. "अगं, असं कसं? कोणी बघितलं तर?" "तुमची पाळी संपलीये, तुम्ही माझ्या गाडीत बसताय, आणि हे सरकारी कामाचं आहे," ती शक्य तितक्या कडक आवाजात म्हणाली. मावशी आत गेल्या आणि बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. एप्रन गेला होता, टोपी गेली होती, साडी बदलली होती, केस ओले करून विंचरले होते. हातात स्टीलचा एक थर्मास होता.

"खोलीत स्टोव्ह आहे," त्या जराशा लाजून म्हणाल्या. "म्हटलं, यंत्राचा नको."

ड्रायव्हरदादाने त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. एवढी वर्षं या रस्त्याच्या कडेला काढली, पण असं पुढे बसून त्यांनी तो कधी पाहिला नव्हता. गाडी वेगात आली तशी त्या थर्मास छातीशी घट्ट धरून बसल्या. "काय गुळगुळीत आहे रे," त्या पुटपुटल्या. "म्हणूनच आमच्याकडे कोणाचं पंक्चर होईना." ड्रायव्हरदादा इतका हसला की त्याने वेग कमी केला.

पलीकडच्या थांब्यावर पोचले तर क्रेनगाडी जागेवर नव्हती.

"आताच गेले," पंपावरचा माणूस म्हणाला. "पुढे कुणाची तरी गाडी बंद पडलीय. येतील, पण सांगता येत नाही."

मावशींचा चेहरा उतरला, पण त्यांनी तो लगेच सावरला. त्या क्रेनगाडीच्या रिकाम्या जागेशेजारच्या कठड्यावर बसल्या. समोर, रस्त्यापलीकडे, त्यांचा स्वतःचा थांबा दिसत होता, कचऱ्याचे डबे, जाळी. त्या बराच वेळ तिकडे बघत राहिल्या.

"इथून मी एवढीशी दिसत असेन ना गं," त्या म्हणाल्या.

ऊन कलंडलं. मोजणीताई घड्याळाकडे बघायचं टाळत होती. शेवटी लांबून पिवळा दिवा फिरताना दिसला. क्रेनगाडी मागे एक चकचकीत मोटार लटकवून आली. मोटारीचे मालक घाबरेघुबरे होऊन शेजारी बसले होते. वस्तादांनी गाडी आत वळवली आणि कठड्याकडे त्यांची नजर गेली. गाडी थांबायच्या आधीच त्यांनी दार उघडलं.

ते खाली उतरले, दोन पावलं आले आणि थबकले. ग्रीसचे हात त्यांनी पँटला पुसले, मग पुन्हा पुसले.

"अगं, तू?"

"मी. काय झालं? नको होतं का यायला?"

"तसं नाही गं..." मोटारीचे मालक मागून विचारत होते, "दादा, आमच्या गाडीचं काय?" आणि वस्ताद, जे जन्मात कुणा गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवायचे नाहीत, मागे न बघता म्हणाले, "थांबा जरा. माझ्या घरचे आलेत."

मोजणीताई ड्रायव्हरदादाला घेऊन उगाचच टायर बघायला गाडीच्या मागे गेली. तिथूनही ऐकू यायचं ते येतच होतं. शर्टाच्या गुंडीवरून त्यांना बोलणी बसली. मग थर्मासचं झाकण फिरल्याचा आवाज आला.

तिने शेवटी प्रश्न विचारला तेव्हा दोघं क्रेनगाडीच्या पायरीवर शेजारी शेजारी बसले होते. दोघांनी एकमेकांचं आधीचं उत्तर ऐकलं आणि तिथेच जुंपली.

"वाईट? अहो, तुमचा मान वाढला तो दिसत नाही का?"

"आणि तुझा गेला तो?"

"माझा कुठे जातोय! त्या पोराला मी कालच सांगितलं, हसायचं की नाही ते मी बघीन, तू कप मोज."

"असं म्हणालीस?" वस्तादांच्या मिशा हसल्या. "मग चांगलं लिहा ताई."

"नको, वाईटच लिही," मावशी एकदम म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. त्यांनी वस्तादांच्या मनगटावर हात ठेवला. "हे हात बघ कसे भेगाळलेत. कोणी तेल लावणारं नाही. दुकान गेलं ते गेलं, त्याचं काही नाही. पण ह्या वयात आम्हाला असं समोरासमोर ठेवलंय ना, ते वाईट."

मोजणीताईने एका खान्यात खूण करायच्या ऐवजी खाली मोकळ्या जागेत मावशींचं ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं.

महिनाभराने अहवालाची बैठक झाली. टोल कंपनीचे साहेब, खात्याचे लोक, सर. आकडे चांगले होते आणि खरेही होते. भाजी कमी सुकत होती, दवाखान्यात माणसं वेळेत पोचत होती, शिंप्यासारख्यांची मशीनं वाढली होती. जुन्या रस्त्यावरची दुकानं बुडाली तेही सरांनी न लपवता सांगितलं. मग ते मोजणीताईकडे बघून म्हणाले, "एक गोष्ट ही सांगेल."

तिने दोन थांब्यांचं सांगितलं. "आपण प्रवासातला वाचलेला वेळ मोजतो. पण या माणसांचा ना वेळ वाचला, ना वाया गेला, कारण त्यांना प्रवासच करता येत नाही. जो प्रवास होतच नाही, तो आपल्या तक्त्यात येत नाही. दोन्ही बाजूंना मिळून कामगारांची बरीच घरं अशी तुटलीत. मी नंतर जाऊन सगळ्यांना विचारलं." आणि तिने मावशींचं वाक्य वाचलं.

कंपनीचे साहेब भले गृहस्थ होते. पादचारी पूल हवा, अशी मागणी तिने केली. पूल होणार नाही, ते म्हणाले, तेवढा खर्च वर कुणी मंजूर करणार नाही. "पण पाळी बदलताना दोन्ही थांब्यांना जोडणारी एखादी गाडी फिरवता येईल. फाट्याजवळच्या वस्तीतूनही ती नेता येईल. एवढं मी करू शकतो." सरांनी टेबलाखालून तिच्याकडे बघून मान हलवली, म्हणजे घे पदरात.

तिने घेतलं. पण घरी जाताना तिला वाटत राहिलं की एवढ्याशा गाडीने काय होणार, आणि बैठकीतल्या गोष्टी बैठकीतच विरतात हे तिने पाहिलेलं होतं. पुढे दुसरं काम आलं, दुसरा रस्ता आला, आणि दोन ऋतू निघून गेले.

एका दुपारी ती ऑफिसात डबा उघडत होती तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला.

"कोण, उन्हात पडणारी का?"

"मावशी!"

"शूऽऽ. हळू बोल. हे झोपलेत."

गाडी खरंच सुरू झाली होती. फाट्याजवळच्या वस्तीत दोघांनी एक खोली घेतली होती. खिडकी रस्त्याकडे नव्हती, मागच्या शेताकडे होती, मुद्दाम तशी बघून घेतली होती. वस्ताद आता रात्रपाळी करून सकाळी घरी येत आणि दुपारी मावशी यायच्या तेव्हा ते झोपलेले असत. वस्तीतल्या पोरांसाठी एक पाळणाघर निघत होतं आणि तिथे स्वयंपाकाला कोणी हवं होतं, म्हणून मावशी टोपीची नोकरी सोडायच्या विचारात होत्या, अजून ठरलं नव्हतं. पगार कमी होता. वस्ताद म्हणत होते सोड, त्या म्हणत होत्या बघू.

"आणि घोरतात गं," मावशी कुजबुजत तक्रार करत होत्या. "आधी घोरत नव्हते. की घोरत होते आणि मी विसरले, काही कळत नाही. ऐकतेस का? थांब हं."

त्यांनी फोन लांब धरला असावा. तिकडून एक जाडसर, समाधानी घरघर ऐकू येत होती, मधेच थांबणारी आणि पुन्हा लागणारी.

"ऐकलंस?"

"ऐकलं," मोजणीताई म्हणाली, आणि तिच्या लक्षात आलं की आपल्या ऑफिसात, भर दुपारी, आजूबाजूला एवढा गलका चालू असताना, आपणही आवाज खाली आणलाय. "झोपू दे त्यांना, मावशी. आपण नंतर बोलू."